ह्याला धुतं कोण?

साताऱ्यात खोली शोधत होते तेव्हा प्रत्येक घरमालक मला तेच विचारायचा. लग्न झालंय का, मटण-मच्छी चालते का, कामावरून परत किती वाजता येणार. या काकूंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. दारातच उभं राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "गाडी येती का चालवायला?" येते म्हटल्यावर वरच्या खोलीची किल्ली लगेच हातात आली. एकटी म्हातारी बाई आहे, अडीअडचणीला दवाखान्यात न्यायला कुणी हवं असेल, अशी मी समजूत करून घेतली. पुढं माझ्या सगळ्या मुक्कामात काकू दवाखान्यात एकदाही गेल्या नाहीत. त्यांना दवाखाना नको होता, माझा रविवार हवा होता.

आणि रविवार सोडून माझ्याकडं स्वतःचं असं काही नव्हतंच. मी पाणीपुरवठ्याच्या कामावर कनिष्ठ अभियंता. आठवडाभर ऑफिसच्या जीपमधून माण-खटावातल्या गावांत टाक्या बघत हिंडायचं. कुठं टाकी आहे तर पाणी नाही, कुठं पाणी आहे तर पाइप चोरीला गेलेला, आणि दोन्ही जागेवर असलं तर सरपंच आणि उपसरपंच एकमेकांशी बोलत नसलेले. शनिवारी संध्याकाळी जिना चढताना मी कठड्याला धरून चढायची. रविवारी सकाळी सातला खालून हाक यायची, "टाकीवाले, उठलीस का गं?" झोपल्याचं सोंग घेण्यात अर्थ नव्हता. हाकेच्या मागोमाग काकू चहाचा कप घेऊन वर यायच्या आणि माझा चहा संपेपर्यंत कॉटच्या कडेला बसून राहायच्या. दुसऱ्या हातात गाडीची किल्ली असायची.

सगळं जग जिथं जातं तिथं काकूंना जायचंच नसायचं. कासला फुलं बघायला अख्खं पुणं येतं, मग आपण कशाला, असं त्यांचं म्हणणं. औंधला यमाईच्या पायऱ्या चढून त्या देवीला हात जोडायच्या, पण शेजारच्या म्युझियममध्ये शिरायला तयार नसायच्या. तिथं वस्तू धुवायला-पुसायला सरकारनं पगारी माणूस ठेवलाय, त्यात आपण काय बघायचं, म्हणायच्या. त्यांना बघायची असायची रस्त्याकडेची वेडी बांधकामं. कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि त्यानं बांधून टाकलं, अशी.

फलटणच्या बाजूला दूध गोळा करणाऱ्या एकानं सिमेंटची जर्सी गाय उभी केली होती. उद्घाटनाच्या दिवशी तिच्या सडांतून खरं दूध आलं होतं म्हणे, आतून नळ्या टाकलेल्या. दुसऱ्या दिवशी त्या तुंबल्या त्या तुंबल्याच. आम्ही गेलो तेव्हा गाईच्या पोटात चिमण्यांनी घर केलं होतं. कराडजवळ हायवेला एकानं विमानाच्या आकाराचं हॉटेल काढलं होतं, वेटरला पायलटची टोपी. काकूंनी त्याला कॉकपिट उघडायला लावलं, तर आत कांद्याची पोती. इस्लामपूरकडं दुमजली घराएवढा सिमेंटचा ऊस होता, त्याचा हिरवा रंग उडून खालून आधीच्या कुठल्यातरी जाहिरातीचा निळा डोकावत होता. हे सगळं बघायला मी गाडी चालवत होते, आठवड्यातल्या एकुलत्या एक सुट्टीत, हे मला अजूनही पटत नाही.

प्रत्येक ठिकाणी काकूंचे प्रश्न दोनच. पहिला, "कुणी केलं ह्ये?" त्याचं उत्तर त्या अर्धवटच ऐकायच्या. मग पदर खोचून त्या वस्तूला एक प्रदक्षिणा घालायच्या, कोपऱ्याकोपऱ्यातून बोट फिरवून धूळ बघायच्या आणि दुसरा प्रश्न विचारायच्या, "ह्याला धुतं कोण?" माणसं गडबडायची. विमानवाल्यानं सांगितलं, पावसानं धुतलं जातं आपोआप. काकू गाडीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पेट्रोल फुकट." त्यांचे निकालही दोनच होते, पेट्रोल वसूल किंवा पेट्रोल फुकट. पेट्रोल त्याच भरायच्या, त्यामुळं मला बोलायला जागा नसायची.

वसूल फार क्वचित व्हायचं. विट्याच्या अलीकडं एका शेतकऱ्यानं शर्यतीच्या बैलाचा पुतळा बांधला होता. बैल मेला तेव्हा म्हणे घरातल्यांनी सुतक पाळलं. त्या माणसाची आई पुतळ्याला दर सोमवारी पाणी घालून धूत असे आणि बेंदराला, बैलांच्या सणाला, त्याच्या सिमेंटच्या तोंडाला पुरणपोळी लावत असे. आम्ही गेलो तेव्हा बेंदूर नुकताच होऊन गेला होता आणि बैलाच्या तोंडापासून खुरापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. काकू त्या म्हातारीशी इतका वेळ बोलत बसल्या की मी गाडीत झोपून उठले. परत येताना म्हणाल्या, "बांधणारा चार दिस बांधतो आन मोकळा हुतो. धुणारीला जलमभर सुट्टी न्हाई." त्या दिवशी पेट्रोल वसूल झालं.

या खुळाचं मूळ काकांमध्ये होतं. काका मी पाहिले नाहीत, मी राहायला जाण्याआधीच ते वारले होते. पुढच्या खोलीत फोटो होता, खाकी शर्ट, कानापर्यंत उतरलेलं टक्कल, चेहऱ्यावर फोटो काढून घेण्याचा कंटाळा. एसटीत ड्रायव्हर. काकू माहेरच्या म्हसवडकडच्या, लग्न होऊन साताऱ्यात आल्या त्या घरातच अडकल्या. सासू, दीर, मुलगा, शिवणकाम. जग बघायचं काम काकांचं आणि सांगायचंही त्यांचंच. ड्युटीवरून आले, हातपाय धुऊन ताटावर बसले की काकू विचारायच्या, "आज काय दिसलं?" काका मुळात अबोल. पण एवढं एक उत्तर रोज द्यायचे. अमक्या ठिकाणी बंगल्यावर ट्रॅक्टरच्या आकाराची पाण्याची टाकी बांधलीय. तमक्या वळणावर सिमेंटचा द्राक्षाचा घड आहे, आत बल्ब लागतात. रिटायर झाल्यावर तुला सगळं दाखवतो, असा शब्दही त्यांनी दिला होता. रिटायर झाल्यावर गाडी घेतली आणि मग मात्र स्टेअरिंग बघितलं की खांदा दुखतो म्हणून ओट्यावर बसून राहिले. गाडी नवीच्या नवी राहिली आणि ते गेले.

म्हणजे नवऱ्यानं सांगितलेलं एकेक बघून घ्यायचं, असा हा सगळा प्रकार. हे कळल्यावर माझी चिडचिड थोडी कमी झाली. पूर्ण नाही गेली. एकदा मी सरळ सांगितलं, "काकू, मला या रविवारी झोपायचंय." तर म्हणाल्या, "मग झोप की गाडीत. मी बोलत ऱ्हाते." गाडी मीच चालवणार होते, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

पण एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. पूर्वेला गेलो, विटा, खानापूर, भिवघाट असं करत आटपाडीच्या बाजूला लागलो, की काकूंची बडबड कमी कमी होत जायची. पुढं एक फाटा होता. डाव्या हाताला गावाच्या नावाची पाटी, त्यावर बाण. तो फाटा आला की काकू उजवीकडं बघायच्या. उजवीकडं माळ सोडून काही नव्हतं. आणि मग म्हणायच्या, "चल फिरव, दिस कलला." दुपारचे बारासुद्धा वाजलेले नसायचे. मी गाडी फिरवायची. कंटाळलेल्या माणसाला परत फिर म्हटलेलं कधीही आवडतं.

कारण त्यांनी मला सांगितलं ते पंक्चर झालं त्या दिवशी. त्याच रस्त्याला, एका लिंबाच्या सावलीत. मी स्टेपनी बदलत होते, काकू दगडावर बसून धपाटं खात होत्या. माझ्याकडं पाठ होती म्हणूनच बहुतेक बोलल्या. त्या फाट्यानं आत जे गाव आहे तिथं मुक्कामी गाडी जायची. संध्याकाळी साताऱ्याहून निघायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपायचे, पहाटे गाडी परत निघायची. मुक्कामी ड्युटी कुणाला नको असते. घरचं जेवण नाही, घरची झोप नाही. ड्रायव्हर लोक ती ड्युटी टळावी म्हणून हातापाया पडतात. काका वर्षानुवर्षं त्याच ड्युटीवर होते आणि डेपोत वशिला नाही म्हणून आपल्या माणसाच्या गळ्यात ती पडते, असं काकू धरून चालल्या होत्या. त्यांच्यासाठी त्या हळहळायच्या, जास्तीची चटणी बांधून द्यायच्या. मग एका लग्नात दुसऱ्या एका ड्रायव्हरची बायको भेटली. ती हसत हसत म्हणाली की तुमचे मालक ती ड्युटी मागून घेतात, दुसऱ्याला देत नाहीत, तिथं कुणीतरी आहे म्हणतात.

"मग तुम्ही काकांना विचारलं?" मी म्हटलं.

विचारलं नव्हतं. मुलाची दहावी होती, मग सासूचं आजारपण आलं, मग रिटायरमेंट, मग तेच गेले. एक मात्र काकूंनी ताडलं होतं. साऱ्या रस्त्यावरचं सगळं सांगणाऱ्या माणसानं त्या एका गावातलं कधी काही सांगितलं नव्हतं. "तिथं काय दिसलं म्हणून मी विचारायची, तर म्हणायचे काय न्हाई, माळ हाय नुसता," काकू म्हणाल्या. "माळ बघायला कोण ड्युटी मागून घेतंय?"

मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढे रविवार, एवढ्या गाई आणि विमानं, आणि खरं बघायचं ते एकच. त्याच्या जवळ जायचं आणि मागं फिरायचं. मी म्हटलं, जाऊन एकदा सोक्षमोक्ष लावा. त्या म्हणाल्या, स्टेपनी नीट आवळ.

पुढं माझी बदली झाली, नांदेडकडं. ऑर्डर आली त्या दिवशी काकूंनी मुलाला पुण्याला फोन केला आणि गाडी घेऊन जा म्हणून सांगितलं. दुसरा भाडेकरू गाडी चालवणारा मिळेलही, पण आता माझ्याच्यानं होत नाही, असं मला म्हणाल्या. मला ते खोटं वाटलं. माझे दोनच रविवार उरले होते. त्यातल्या पहिल्या रविवारी फाटा आला आणि काकू उजवीकडं बघायच्या ऐवजी समोर बघत राहिल्या. मी गाडी हळू केली. "थांबू नगं," त्या म्हणाल्या, "डावीकडं घे."

गाव छोटं होतं. वेशीलाच एसटीचा निवारा, आणि तो निवारा एसटीच्याच आकाराचा. सिमेंटचा, लाल रंगाचा, वर पांढरा पट्टा, खिडक्यांच्या जागी खिडक्या, आत बसायला कट्टा. असला प्रकार दुसरीकडं कुठं असता तर काकूंनी लांबूनच मला ब्रेक दाबायला लावला असता. इथं त्या गाडीतून उतरायलाच तयार होईनात. मी दार उघडून धरलं तेव्हा उतरल्या. निवाऱ्याच्या पुढच्या बाजूला, उजव्या हाताला, स्टेअरिंगमागं सिमेंटचा ड्रायव्हर बसवला होता. गुलाबी तोंड, गणपतीसारखे मोठे डोळे, डोक्यावर हिरोसारखे दाट केस. खाकी शर्ट. गळ्यात झेंडूची ताजी माळ.

पुढच्या खोलीतल्या फोटोशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं, दुसराच कुणी असेल. पण काकू तोंडाकडं बघतच नव्हत्या. त्या हाताकडं बघत होत्या. पुतळ्याच्या उजव्या मनगटावर घड्याळ होतं आणि त्याची तबकडी आतल्या अंगाला होती, स्टेअरिंग न सोडता वेळ बघता यावी अशी.

कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांना सांगायला कुणीतरी हवंच होतं. हे मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर. एकदा पाऊस होता, ओढ्याला पाणी आलेलं, आणि गावातली एक लेक बाळंतपणाला अडली. ह्यांनी कुणाला न विचारता रिकामी एसटी काढली आणि तिला आटपाडीला पोचवली. लेक जगली, पोरगं जगलं. तेव्हापासून गाव त्यांना सोडेना. ह्यांच्या हातून औषधं यायची, बियाणं यायचं, पोरांचे निकाल यायचे. ते रिटायर झाले तेव्हा गावानं वर्गणी काढून हे केलं. बघायला या म्हणून निरोप धाडला होता, आले नाहीत. लाजले असतील, म्हातारे म्हणाले.

"कुणी केलं ह्ये?" काकूंनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

गावात गणपती करणारा एक आहे, त्यानं केलं, चेहरा काही त्याला जमला नाही, असं म्हातारे सांगायला लागले.

"घड्याळ जमलंय," काकू म्हणाल्या.

"त्ये मी सांगितलं हुतं त्याला." हे मागून आलं. समोर चहाची टपरी होती, तिथली बाई हात पुसत आली होती. काकूंच्याच वयाची, अंगानं बारीक, कपाळ मोकळं. अडलेली लेक तिचीच, हे म्हाताऱ्यांनी सांगून टाकलं. ड्रायव्हरला भाकरी हिच्याच घरची असायची, हेही सांगितलं.

आता पुढचा प्रश्न कोणता येणार ते मला ठाऊक होतं. काकूंनी आज तेवढा विचारू नये असं मला फार वाटलं. त्यांनी पदर खोचला, निवाऱ्याला प्रदक्षिणा घातली, पुतळ्याच्या कानामागून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली नाही.

"ह्याला धुतं कोण?"

"मीच की," ती बाई म्हणाली. "रोज सकाळी. गाड्या जात्यात, धुरळा लय बसतो." मग काकूंकडं बघून म्हणाली, "तुमी कुठल्या?"

"रस्त्यानं चाललो हुतो," काकू म्हणाल्या. "बघायला थांबलो."

तिनं चहा दिला. काकू तो बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्याल्या आणि आम्ही निघालो. भिवघाट गेला, खानापूर गेलं, विटा गेलं. मी वाट बघत होते, वसूल की फुकट. साताऱ्यात पोचलो तरी काही निकाल लागला नाही. आठवडाभर मी सामान बांधत होते, त्या येऊन दारात उभ्या राहायच्या आणि परत जायच्या.

शेवटच्या रविवारी मी गाढ झोपणार होते. सातला हाक आली. चहा आला. काकूंच्या एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात पिशवी, तिच्यातून काथ्या, साबणाची वडी आणि जुन्या लुगड्याचा तुकडा दिसत होता.

"कुठं?" मी विचारलं.

"तिथंच."

"काकू, बघितलंय की आपण ते."

"बघून झालंय," त्या म्हणाल्या. "धुवायचं ऱ्हायलंय."

इतक्या लांब सिमेंटचा माणूस धुवायला जायचं, आणि परत येऊन संध्याकाळी माझा ट्रक भरायचा. माझ्या अंगात त्राण नव्हतं. तरी नाही म्हणावंसं वाटलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ती बाई बादली भरूनच उभी होती. त्या दिवशी तिला उशीर झाला होता की ती वाट बघत होती, मला सांगता येणार नाही. काकूंच्या हातातला काथ्या तिनं बघितला. कट्ट्यावरचे म्हातारे उठून गेले.

"मी मागल्या बारीलाच वळखलं हुतं," ती म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बघायला थांबलो म्हणालासा."

ती बाई बादली खाली ठेवून म्हणाली, "ताई, एक सांगू का—"

"नगं," काकू म्हणाल्या. "तू तोंड धू. हात मी धुते."

दोघींनी तो धुतला. मी गाडीला टेकून उभी होते. काकूंनी घड्याळाभोवतीचा साबण नखानं काढला. तिनं कानामागं पाणी ओतलं. काकू एकदा म्हणाल्या की एवढे केस नव्हते, आणि ती म्हणाली की व्हय, त्यांच्या खिशातला लग्नातला फोटो बघून केलं असंल. मग दोघी हसल्या, थोडंसंच. मला रडू आलं आणि मी दुसरीकडं बघितलं. तिकडं खरंच नुसता माळ होता.

परत येताना मला राहवलं नाही. ती स्वतःहून सांगत होती, मग ऐकलं का नाही, मी विचारलं. काकूंनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाल्या, "व्हय म्हणाली असती तर भांडाय त्यो न्हाई. न्हाई म्हणाली असती तर मला खरं वाटलं नसतं. मग ऐकून काय करू?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "एक मातुर झालं. माळ न्हाई तिथं नुसता. मागून घ्यायसारखी ड्युटी हुती." त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. तरी त्यात राग नव्हता. मी पेट्रोलचं विचारलं नाही.

गाडी मुलानं नेली. नांदेडला आल्यापासून रविवार माझा आहे, आणि सातला जाग येते ती येतेच. मध्यंतरी फोन केला तेव्हा काकूंनी उचललाच नाही. दोन दिवसांनी लागला. कुठं होता विचारलं, तर म्हणाल्या, मुक्कामी गाडी अजून जाते तिथं, त्याच गाडीनं गेले होते.

"झोपलात कुठं?"

"तिच्या ओट्यावर. त्यांचं अंथरूण तिथंच पडायचं म्हणं."

झोप लागली का, एवढंच विचारलं.

"लागली गं," काकू म्हणाल्या. "लय दिसांनी. सकाळी तिनंच उठवलं, धुवायची येळ झाली म्हणून."